फक्त पाण्यासाठी

बिराजदार मावशी कॅरिबियनला निघाल्या तेव्हा
जिन्याखालच्या व्हॉल्व्हची चावी दिली माझ्याकडं
आणि एक जुना मोबाइल, काचेच्या डाव्या कोपऱ्यात तडा.
"रोजचं दीड जीबी टाकलंय, अठ्ठावीस दिवसाचं.
फक्त पाण्यासाठी हां, डॉक्टर."

मी डॉक्टर नव्हतो.
दुसऱ्यांदा नीट देणारा जळकोटकडचा पोरगा,
वरच्या खोलीत भाड्यानं.
माझा स्वतःचा मोबाइल वडिलांनी जूनमध्येच
ट्रंकेत घालून कुलूप लावलेलं.

लातूरला आमच्या बोळात नळ नवव्या दिवशी येतो.
अडीचला रात्री.
आधी पाइप खाकरतो, मग नुसता वारा,
मग गढूळ, मग पाणी.
गढूळ चार मिनिटं सोडून द्यायचं,
हौदाचा व्हॉल्व्ह उजवीकडं दीड आटा, नंतर मोटार.
सगळं वहीत लिहून दिलेलं, रिटायर्ड नर्सबाईच्या अक्षरात,
सलाइनचे थेंब मोजावेत तसं.

तरी फोन यायचाच.
शिवलीलानं, त्यांच्या लेकीनं, बेटाबेटाचं वेगळं पॅक घेतलेलं.
इथलं तिथं चालत नाही, हे मावशींना पटेना:
"औशाचं रिचार्ज निलंग्यात चालतंय की!"
बोटीवरच्या वायफायला तर मिनिटावर पैसे.
बंदर लागलं की लोक फोटो काढत
आणि मावशी रेंज शोधत.

पहिली पाळी.
मी व्हॉल्व्हपाशी उकिडवा, मोबाइल विटेला टेकवलेला.
स्क्रीनवर ऊन.
तिथं अजून कालच चालू होता, संध्याकाळचे पाच.
मावशींच्या मागं एवढं पाणी
की बोळातल्या सगळ्या टाक्या मनात ओतून पाहिल्या,
हिशोब लागला नाही.
"येलालंय का?"
"हाव. गढूळ."
"सोड अजून. घाई करू नको."
एक लाट त्यांच्या पायावरून गेली, चपला ओल्या झाल्या असणार.
त्यांनी खाली बघितलं नाही.
त्या माझ्या बादलीत बघत होत्या.

दुसऱ्या पाळीला अँटिग्वा.
एका टपरीवर बसलेल्या,
एका नारळावर वायफायचा पासवर्ड मिळवून.
"हिच्याकडं बी पाळी हाय, डॉक्टर! बघ."
कॅमेरा फिरला. निळी टाकी,
पत्र्यावरून उतरलेला पाइप, तोंडाला फडकं बांधलेलं.
मर्लीन नावाची मालकीण काहीतरी म्हणाली.
"कितव्या दिवशी येतंय म्हणती."
मी नऊ बोटं दाखवली.
ती हसली नाही. मान हलवली,
आमच्या बोळातल्या बाया हलवतात तशी.

मग एकदा सहाव्याच रात्री,
पहाटे चारला, वाजला.
"पाणी आलं का?"
"मावशी, अजून तीन दिवस हायत."
"हां. हां. तेच म्हणलं."
चेहरा गोठला, सुटला, परत गोठला.
मागं कुठंतरी ढोल, लेकीचं-जावयाचं हसणं,
त्या मात्र कडेला, भिंतीशी.
"जेवलास का?"
"रात्रीच."
"काय वाचलालास?"
"किडनी. हेन्लेचा लूप."
"हां, ते बघ नीट. पाणी परत ओढून घेतंय ते.
टंचाई कळती त्याला."
आणि मधेच गोल चक्र फिरत राहिलं.
पॅक संपलं असेल, किंवा बोट सुटली असेल.

अख्खा दीड जीबी पडून होता.
खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.
घरचा नंबर मला पाठ.
पाचला लावला.

"कोण?"
"मी."
"कुणाचा नंबर हा? काय झालं?"
"काही नाही. तिकडं पाणी..."
"बोअर हाय की आपल्याला. का रं?"
"तेच म्हणलं."

मागं म्हैस कडबा खात होती,
दावं खांबाला घासत.
बाबा काही बोलले नाहीत,
ठेवलाही नाही.